एकोणिसावा कावळा

“झाडांवरच्या यंत्रांनी आवाजावरून सगळे पक्षी मोजलेत, मिस्टर ओगले. कावळे एकोणीस, कोकीळ एकही नाही,” इंग्लंडमधल्या पक्षिमंडळाची चिटणीस मार्गारेट हसली. “उकाडा वाढला म्हणून आमच्या नॉरफोकचा तुमचा सातारा नाही झालेला अजून!”

ओकच्या झाडावर कोकीळ पाहिल्याचं सांगणाऱ्या ओगल्यांना आता स्वतःचीच शंका आली. तरी ते पुटपुटले, “कोकिळेचं पिल्लू आधी कावकावच करतं, बाई. नाहीतर कावळीण त्याला भरवेल कशाला? एकदा डोळ्यांनी बघा.”

मार्गारेटने दुर्बीण लावली. ओकवरच्या घरट्यात कावळीण एका ठिपकेदार पिल्लाला भरवत होती. मग तिने परगण्याची नोंदवही उघडली आणि पहिल्यांदा पाहणारा म्हणून ओगल्यांचं नाव लिहिलं.

“पक्ष्यापुढे काय लिहू? पाहुणा?”

“इथंच जन्मलंय की,” ओगले लाजत म्हणाले. “रहिवासी लिहा.”