कुत्र्याची साक्ष

पोलिसांच्या कुत्र्याने टेम्पोतली कापडी पिशवी हुंगली, नाकावरून जीभ फिरवली आणि तो तिच्यासमोर शहाण्यासारखा खाली बसला.

“झालं,” नाक्यावरचा अधिकारी म्हणाला. “पैसे जप्त.”

मटणवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाचा गाळा विकत घ्यायला तो आणि त्याची बायको निघाले होते. संध्याकाळपर्यंत पैसे पोचले नाहीत, तर मालक गाळा दुसऱ्याला देणार होता. आयुष्यभर सुरा चालवून जमवलेली पुंजी त्या पिशवीत होती.

“साहेब, मी काय केलंय?”

“तुम्ही काहीच नाही. आरोप पैशांवर आहे. नशेच्या धंद्यातले असावेत असा संशय आहे. नशेच्या मालाचा वास आल्याशिवाय कुत्रा उगाच बसत नाही.”

“पैशांवर आरोप?”

“कायदाच तसा आहे. खटला पैशांवर चालेल. तुम्ही मोकळे.”

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला खुर्चीसुद्धा दिली. मटणवाला मात्र उभाच राहिला.

बायको पुढे आली. “गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोषच धरतात ना?”

“माणसाला धरतात, बाई. पैशाला नाही. ते चांगल्या मार्गाचे आहेत, हे तुम्हीच कोर्टात सिद्ध करायचं. चांगला वकील लावा.”

“आणि वकिलाला द्यायचं काय?”

अधिकाऱ्याने पिशवीकडे पाहिलं आणि पावती लिहायला घेतली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथे संन्याशालाही सोडलं होतं. फाशी झोळीला होती.

सही करताना मटणवाल्याच्या हातातून पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला, तसा कुत्रा उठून जवळ आला. सकाळी साबणाने घासून धुतलेला हात, पण मटणाचा वास काही गेला नव्हता. कुत्र्याने बोटं हुंगली, नाकावरून जीभ फिरवली आणि हातासमोर तो शहाण्यासारखा खाली बसला.

बायकोने अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं.

“निघा आता,” पिशवी काखोटीला मारत तो म्हणाला. “तुमच्याविरुद्ध आमचं काही नाही.”