शब्दशः

शेजारच्या देशातल्या युद्धात ज्यांची शाळा मुलांसकट जळाली, ते म्हातारे मास्तर हात जोडून बोलत होते. दुभाषी शर्वाणीने परराष्ट्र सचिवांना सांगितलं, "ते म्हणतात, हल्लेखोरांना दारूगोळा विकणं थांबवा."

"आम्ही शांततेच्याच बाजूचे आहोत, असं सांगा," सचिव चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "आणि विचारा, युद्ध संपल्यावर पूल बांधायची कंत्राटं आम्हालाच देणार ना?"

शर्वाणीने मास्तरांच्या भाषेत शब्द न् शब्द सांगितला.

मास्तर सचिवांऐवजी तिच्याकडेच बघत राहिले. "मुली, तुलाही हेच विचारायचंय?"

"मी फक्त भाषांतर करते," ती म्हणाली.

त्या बैठकीत तिचं स्वतःचं असं ते एकच वाक्य होतं, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त किळस आली.