खुर्चीला फळी

बाळ दूध ओढू लागलं की सूनबाईच्या घशाला कोरड पडायची, आणि पाण्याची बाटली नेमकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असायची. हाक मारायचा तिला भारी संकोच. बाळाला तसंच छातीशी धरून ती उठायची. सुतार सासऱ्यांनी ते हेरलं. "हत्यार हाताशी नसेल तर कारागिराने काय दातांनी काम करायचं?" असं म्हणत त्यांनी तिच्या खुर्चीला उजवीकडे फळी ठोकली. फळीवर पाणी, फडकं, शेंगदाण्यांची वाटी, मोबाइल, सगळं मांडलं.

"अहो, बाळाला दोन्ही बाजूंनी पाजतात!" सासूबाई स्वयंपाकघरातून हसल्या. "तीन पोरांचे बाप ना तुम्ही?"

सासऱ्यांनी डावीकडेही फळी ठोकली. मग सूनबाई बाळाला घेऊन बसल्यावर, मांडीवरची उशी घसरू नये म्हणून पुढून आडवी पट्टीही अडकवली.

सूनबाईला हसू आवरेना. "बाबा, सगळं हाताशी आलं खरं, पण आता मी उठू कशी?"

"उठायचंच कशाला?" सासऱ्यांनी हातोडी पिशवीत टाकली. "घरात आम्ही काय शोभेला आहोत? हाक मार की!"