मागच्या रांगेतला आवाज

गाण्याचं दुसरं कडवं आलं तशी नलूताईंनी सवयीनं मान मागे वळवली. कवी-गायक कानविंदे जाऊन कैक वर्षं झाली होती. आता ते यंत्राच्या उजेडातून मंचावर उभे राहायचे आणि जुन्या मैफलीतल्यासारखे इथंच ओळ विसरायचे. मग मागच्या रांगेतून एक रसिक ओरडून ती सांगायचा. मैफलीबरोबर ध्वनिमुद्रित झालेला तो आवाज नलूताईंच्या यजमानांचा होता. तेही आता नव्हते.

आज कानविंदे न अडखळता पुढे गात राहिले.

"रसिकहो," गाणं संपल्यावर निवेदक अभिमानानं म्हणाला, "यंत्रात सुधारणा केलीय. आता एकही चूक होणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काकू," शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "स्टेज पुढे आहे."