हलत राहायचं

माझ्या डोळ्यांची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी मलाच चावू दे. फायर स्टेशनच्या शेजारीच राहते मी; तिथल्या अंगणात, लाल बंबाच्या सावलीला बसून वाटाणे सोलत होते. तिथनं जे दिसलं, तेच सांगते.

कंपनीचा आशुतोष म्हणून एक पोरगा दोन पेट्या घेऊन आला होता. धुरात शिरताना पाठीवर हवेची टाकी घेतात आणि तोंडाला मास्क लावतात, त्याला आमची पोरं बीए सेट म्हणतात. स्टेशनला नवे सेट यायचे होते. दोघांतला एक निवडायचा. सुधीरसाहेबांनी, म्हणजे स्टेशनच्या मोठ्या साहेबांनी, पोरांवरच सोडलं होतं. पाठीवर तुम्ही घेणार, तर ठरवा पण तुम्हीच, म्हणाले.

पहिला सेट हलका. दुसरा जड, आणि त्याच्या छातीवर एक डबी. माणूस अर्धं मिनिट हलला नाही की ती डबी आधी टुकटुक करते. तरी नाही हलला, तर बोंब ठोकते. म्हणजे बाकीच्यांना कळतं, आत कोणीतरी पडलंय.

"म्हंजे उभं राहून पाणी मारायचं, तर कंबर हलवत मारायचं?" शिवतेज म्हणाला. तो पोरांतला सगळ्यात वात्रट. पाइप धरल्यासारखं करून त्यानं विसर्जनातला नाच करून दाखवला. पोरं हसून लोळली. मीपण हसले, दोन-चार वाटाणे बंबाखाली गेले. आशुतोष बिचारा कबूल झाला, दुसरीकडची लोकंपण हीच कटकट करतात म्हणाला. झालं. सगळ्यांचं मत हलक्याला.

गंगाराम तेवढा हसला नाही. तो सगळ्यांत जुना. तळोज्याकडं एका गोडाऊनला आग लागली होती, तिथं तो पाइप धरून पुढं होता आणि त्याचा जोडीदार दिलीप मागं. धुरात दिलीप पडला. पिंपांच्या रांगेपलीकडं, हाक मारली तर ऐकू यावी एवढ्यावर. पण हाक मारायला माणूस शुद्धीत लागतो. सापडला तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून गंगाराम ड्युटीवर येतो, बंब पुसतो, डबा खातो, घरी जातो. काही विचारलं तर म्हणतो, चालेल. त्याची बायको मला सांगत होती, भाजीत मीठ विसरले तरी चालेल, दोनदा पडलं तरी चालेल.

म्हणून तर, आशुतोष जड सेटपण एकदा घालून बघा म्हणाला तेव्हा सगळ्यांनी त्यालाच पुढं केलं. तो कशाला नाही म्हणत नाही. स्टुलावर बसवला, जड सेट पाठीवर चढवला, मास्क लावला, डबी चालू केली. आणि सगळी पोरं हलक्या सेटभोवती गोळा झाली. कोणी उचलून बघतंय, कोणी पट्टे ओढतंय. गंगारामला विसरले.

टुकटुक सुरू झालं. कोणीतरी मान न वळवता ओरडलं, हला की भाऊ.

तो हलला नाही.

मग डबीनं जी बोंब ठोकली! बंबावरचा कावळा उडाला तो थेट खाडीपार. तिकडं एपीएमसीत ट्रकभर कांदे उतरत होते, त्या कांद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हमालांनी मला स्वतः सांगितलंय.

शिवतेज धावला. विचार करून नाही, पायच धावले त्याचे. गंगारामपुढं गुडघ्यावर बसून त्यानं त्याचे खांदे धरले आणि काचेतनं आत बघितलं. गंगाराम चांगला जागा होता. डोळे उघडे. श्वास चालू. नुसता बसला होता.

आशुतोष डबी बंद करायला वाकला. मास्कमधनं आवाज आला, विहिरीतनं यावा तसा.

"वाजू दे."

आशुतोष मागं सरला. शिवतेजला काय करावं कळेना.

"शिवतेज, त्या भिंतीमागं जा," गंगाराम म्हणाला. "ऐकू येतंय का बघ."

शिवतेज गेला. पाइप वाळत घालतात त्या भिंतीमागं. सगळे थांबले. मी शेंग हातात धरून थांबले. आवाज कानात खिळे मारत होता, पण कोणी कानावर हात ठेवला नाही. शिवतेज परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"येतंय, भाऊ," तो म्हणाला. "साफ येतंय."

गंगारामनं विचारलं, "नीट ऐकलंस ना?"

"नीट ऐकलं."

शिवतेजनंच तो हलका सेट उचलला, पट्टे गुंडाळले, पेटीत ठेवला आणि पेटी आशुतोषच्या गाडीत नेऊन टाकली. साहेबांनी विचारलंच नाही, कुठला ठरला.

मग गंगारामनं हात वर केला, छातीवरचं बटण दाबून डबी गप्प केली, मास्क काढला, आणि चहा टाका रे, म्हणाला.

आता डोळ्यांची आण घेतलीय, आणि मोतीबिंदू आधीच आहे, म्हणून सांगते. हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं. हात त्यानं उचलला नाही, मास्क काढला नाही, चहापण मागितला नाही. बटण शिवतेजनं दाबलं. गंगाराम तसाच न हलता स्टुलावर बसून होता, आणि जरा वेळानं डबी पुन्हा टुकटुक करायला लागली.