डाव्या पायाची सँडल

उजव्या सँडलचं बक्कल लागलं, पण डावी काही केल्या पायात शिरेना. तीन वर्षांची सुमी अरुंधतीच्या मांडीवर बसून मुद्दाम पाय हलवत होती आणि तिची त्रेधा बघून खिदळत होती. सँडल बसऱ्याहून आणल्या होत्या. पोरीचा पाय न बघता, नुसत्या फोटोवरून.

इराकमध्ये बसऱ्याला मधुसूदन खताच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथूनच नवराबायकोनं नागपूरच्या या अनाथाश्रमाला पत्र टाकलं, तेव्हा इराणशी लढाई जुंपलेली होती. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. डोक्यावर बॉम्ब पडताहेत आणि यांना पाळणा हलवायचाय! पण नवससायास आणि डॉक्टर करून थकलेल्या बाईला असलं शहाणपण कुठून ऐकू यायचं? आज पोर पहिल्यांदा मांडीवर आली होती. अरुंधतीचे डोळे सारखे भरून येत होते.

टेबलापलीकडे आश्रमाच्या यमुताई बसल्या होत्या. तोंडाच्या फटकळ, पण आश्रमातल्या प्रत्येक लेकरात जीव गुंतलेल्या.

"बाकी सारं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "एकच सांगा बाई. तिकडं लढाई चालू आहे. पोरीले कसं सांभाळाल?"

"माझ्या जिवापलीकडे जपीन," अरुंधती म्हणाली. ते पाठ करून आणलेलं उत्तर नव्हतं. तिच्या पोटातून आलं होतं.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

अरुंधती इथल्याच महाल भागात वाढलेली. लहानपणी याच भोंग्यावर तिच्या घरातलं घड्याळ लावत. पण बसऱ्याला असा आवाज झाला की पाठोपाठ घरं कोसळत. ती भानावर आली तेव्हा टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर.

"अगं, गिरणी आहे ती," मधुसूदन वाकून म्हणत होता. "आपण नागपुरात आहोत." त्याचा चेहरा पार उतरला होता. आता कसलं मूल मिळतंय!

सुमी खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती, मांडीवरून घसरली होती तशीच. एका पायात सँडल, दुसरा पाय उघडा. रडली मात्र नाही.

"भोंगा हाय तो," तिनं टेबलाखाली डोकावून सांगितलं.

यमुताई उठल्या. आता त्या काय बोलतात म्हणून मधुसूदननं खाली मान घातली. पण त्यांनी अरुंधतीला हात धरून वर घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"काय काय भोगून आली वं तू," त्या म्हणाल्या. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. "आता माझं ऐक. यांना जाऊ दे नोकरीवर. तू लढाई संपेपर्यंत नागपुरातच राह्य. पोरगी आजच घेऊन जा. कोर्टाचं मी पाहून घेते."

मधुसूदननं हात जोडले. इतकं सरळ दान पडेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अरुंधतीनं पेला खाली ठेवला. ती सुमीसमोर बसली आणि डावी सँडल हातात घेतली. आता सुमीनं पाय हलवला नाही. बक्कल एका दमात लागलं. अरुंधतीनं तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग टेबलाला वळसा घालून गेली आणि पोर यमुताईंच्या मांडीवर ठेवली.

"मला नको, यमुताई."

"काहून वं? इथं कोणते बॉम्ब पडून राहिले?"

"बॉम्बचं नाही हो," अरुंधती म्हणाली. "टेबलाखाली मी एकटीच गेले."