सुपभर ज्वारीचं लेकरू

"हे माहं नाही. तानाबाईचं आहे," असं म्हणून कोकिळाने बाळ बाजूला सरकवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

तिचा नवरा किसन हसला. वडनेरात त्या पौषात, त्रेसष्ट साली, सारेच तसं म्हणत. कोकिळाची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. म्हणून रीतीप्रमाणे हे तिसरं जन्मल्याबरोबर शेजारच्या तानाबाईच्या ओटीत टाकलं आणि सुपभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं कडूबा.

"सुपभर जवारीत असा पोट्टा? लई स्वस्तात पडला बे," पिठाच्या गिरणीवर लोक किसनला म्हणत.

तानाबाईही त्याच रात्री बाळंत झाली होती. दोघींची सुटका किसनच्या आईने, सत्यभामाबाईने केली. तानाबाईचं जगलं नाही. पान्हा मात्र आटला नव्हता. ती दिवसातून चारदा येऊन कडूबाला पाजून जाई. त्याने बाळसं धरलं. कोकिळा त्याला छातीशी घेतच नव्हती.

दीड महिना झाला तरी तिचं तेच. अन्न तुटलं, झोप तुटली. एका दुपारी ती शेताच्या बांधावर सापडली. तानाबाईचं लेकरू पुरलं होतं तिथे, मातीवर हात ठेवून बसलेली.

"इथं काऊन आली?" किसनने विचारलं.

"माहं रडलं नव्हतं," ती म्हणाली. "हे तं रडते. तुमाले समजून नाही राह्यलं का?"

त्याला समजलं ते एवढंच, की एखाद्या दिवशी ही कडूबाला काहीतरी करून बसेल. आई 'नको धाडू रे तिले' म्हणत पदराने डोळे पुसत राहिली. बाईमाणसाची माया, म्हणून त्याने ते कानाआड केलं.

नांदुऱ्याहून रेल्वेने तो तिला नागपूरला घेऊन गेला. वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, मूल कुठे आहे तुमचं?"

"बांधावर," कोकिळा म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. किसनने खाली सही केली.

तिला तिथे ठेवून तिसऱ्या दिवशी तो एकटाच परतला. अंगणात पाय धूत होता, तेव्हा आतून तानाबाईचा आवाज आला.

"मावशी, आता तरी किसनभाऊले सांगा. ती खरं बोलत होती."

"कोणत्या तोंडानं सांगू, ताने?" आई म्हणाली. "मेलेलं निपजलं हे समजलं असतं तं पोरगी येडी झाली असती, म्हून तं तुझं आणून ठेवलं तिच्या कुशीत."